दुधाचं नातं आणि एनआयसीयू

माझी मुलगी एकतिसाव्या आठवड्यात जन्मली. दर तीन तासांनी पंप लावूनही दूध चमचाभरच. नर्सने मिल्क बँकेचं दूध सुचवलं आणि घरात कुजबुज सुरू: उद्या दूधभावाशीच निकाह झाला तर?

शंका खरी आहे. शाफई मताने पाच वेळा पाजल्यावर नातं जुळतं, हनफींकडे एका घोटानेही. बँकेत तर अनेक आयांचं दूध एकत्र होतं. १९८५ मध्ये जेद्दाहच्या फिकह अकादमीने मनाई केली, २००४ मध्ये युरोपियन फतवा कौन्सिलने परवानगी दिली. पण इतक्या लहान बाळाला पावडरच्या दुधाने आतड्यांच्या गंभीर आजाराचा धोका वाढतो. सायनला १९८९ पासून मिल्क बँक आहे, आशियातली पहिली. आपल्या आलिमांनी डॉक्टरांसोबत बसून दात्यांच्या नोंदीचा मार्ग काढावा. तोवर माझा होकारच. आणि पंपाचे भाग उकळणं नवऱ्याचं काम, सासूचं नव्हे.