क्रियापदाचं शेपूट

मैत्रिणींनो, शाळेतून चिठ्ठी येते: पालकसभा ‘पुट ऑफ’ झाली आहे. म्हणजे पुढे ढकलली; नवी तारीख विचारून घ्या. ‘कॉल्ड ऑफ’ लिहिलं असेल तर मात्र रद्दच! यांना ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. घाबरू नका, आपणही ‘बोलणं’ नि ‘बोलून बसणं’ यांत फरक करतोच की!

कधी शेपूट तेच, तरी अर्थ निराळा. गॅस ‘टर्न डाउन’ केला की आच मंद, स्थळ ‘टर्न डाउन’ केलं की नकार. म्हणून नुसता शब्द नको, अख्खं वाक्य वहीत उतरवा. आणि हो, ‘टर्न ऑफ द गॅस’ चालतं, ‘टर्न द गॅस ऑफ’ही, पण ‘इट’ आलं की ते मध्येच बसतं: ‘टर्न इट ऑफ’.