सर्दी म्हणून सोडून देऊ नका

आमच्या शाळेतील एका चिनी सहकाऱ्यांच्या मानेवर, जबड्याखाली, गाठ आली होती. ती दुखत नव्हती. एका कानाला दडे बसले होते आणि सकाळी खाकरताना कफात रक्ताची रेघ दिसे. चार महिने हा दोष सर्दीवर आणि शिक्षकदालनातील एअरकंडिशनवर घातला गेला. आम्हीही त्यांना वाफ घ्यायला सांगितले. ती सर्दी नव्हती. नाकाची मागची बाजू घशाला जेथे मिळते, तेथील तो कर्करोग होता. आमचा तो सल्ला आम्हांला आजही बोचतो.

सिंगापूरला हा रोग नवा नाही. येथील प्राध्यापक कनगरत्नम शन्मुगरत्नम यांनी १९६८ साली कर्करोगाची नोंदवही सुरू केली आणि या रोगाच्या अभ्यासात मोठे नाव मिळवले. दक्षिण चीनमधून आलेल्या, विशेषतः कँटोनी, घराण्यांत तो अधिक आढळतो. एपस्टाईन-बार विषाणू, आनुवंशिकता आणि लहानपणापासून खाल्लेली चिनी पद्धतीची खारवलेली मासळी यांचा त्याच्याशी संबंध आहे. पुरुषांत तो बायकांपेक्षा दुपटीहून अधिक दिसतो. गेल्या काही दशकांत येथे त्याचे प्रमाण घटले, ही समाधानाची गोष्ट आहे.

पण "तो चिन्यांचा रोग, आपल्याला काय त्याचे?" असे आपल्या मंडळींकडून ऐकले की आम्हांला वाईट वाटते. मलय लोकांतही तो आहे, आणि आपल्या भारतात नागालँडमध्ये त्याचे प्रमाण मोठे आहे. शिवाय शेजारी, सहकारी आणि विद्यार्थ्यांचे आईबाप चिनी असताना त्यांचे दुखणे परके कसे?

नाकाच्या बाजूच्या पोकळ्यांचा, म्हणजे सायनसचा, कर्करोग वेगळा आणि विरळ असतो. लाकडाच्या व चामड्याच्या भुशात वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना त्याचा धोका अधिक असतो. एकच नाकपुडी सतत चोंदणे, गालाला सूज किंवा बधिरपणा येणे, वरचे दात हलू लागणे ही त्याची चिन्हे आहेत. त्यावर बहुधा शस्त्रक्रिया करून मग किरणोपचार देतात.

नाकामागच्या रोगाला मात्र किरणोपचार चांगलेच लागू पडतात. आठवड्यातून पाच दिवस, असे सुमारे सात आठवडे ते चालतात. रोग वाढला असेल तर जोडीला केमोथेरपी देतात. अगदी सुरुवातीला सापडला तर दहांपैकी नऊ रोगी पाच वर्षांनंतरही हयात असतात. दुर्दैव असे की पुष्कळजण गाठ मानेवर आल्यावरच डॉक्टरकडे जातात. तेव्हाही आशा असते, पण वाट कठीण होते.

म्हणून आमचे एवढेच सांगणे आहे. एकाच बाजूचे नाक किंवा कान तीन आठवड्यांहून अधिक चोंदले असेल, कफात रक्त दिसत असेल, किंवा मानेवर न दुखणारी गाठ असेल, तर बाम चोळत बसू नका. पॉलिक्लिनिकमध्ये जा आणि कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे पाठवण्याची चिठ्ठी मागा. तज्ज्ञ नाकात बारीक दुर्बीण घालून पाहतात, आणि शंका आली तर तुकडा काढून तपासतात. यात लाजण्यासारखे काही नाही.

आमचे सहकारी आता पुन्हा वर्गावर आहेत. लाळ कमी झाल्याने तोंड सुकते, म्हणून टेबलावर पाण्याची बाटली असते. आता कोणी खोकले की आम्ही वाफ घ्यायला सांगत नाही. आधी विचारतो, "किती दिवस झाले?"