रॉकेटला रंग लावू नका!

इंग्लंडच्या ईशान्येला शिल्डन गावी 'लोकोमोशन' हे रेल्वे संग्रहालय आहे. २०२३ पासून स्टीफन्सन पितापुत्रांचं मूळ 'रॉकेट' तिथे मुक्कामाला आहे. बघायला गेलात तर आधी थोडा विरसच होईल. पुस्तकातलं इंजिन पिवळंधमक. इथे मात्र काळं पडलेलं लोखंड, आणि अग्निपेटी तर गायबच. "एवढा वारसा, मग जरा रंगवून चालवत का नाहीत?" असं तुम्हीही म्हणाल. माझं ठाम मत आहे, चालवू नये. रंगवूही नये.

रॉकेटची खरी करामत पोटात होती. आधीच्या बहुतेक इंजिनांच्या बॉयलरमधून एखाददुसरी जाड नळी जाई. इथे तांब्याच्या २५ नळ्या होत्या. गरम वायूंचा पाण्याशी संपर्क वाढला, वाफ भराभर तयार होऊ लागली. वापरलेली वाफ धुराड्यात सोडल्यामुळे भट्टीला हवेची ओढ मिळे. म्हणजे काम जास्त, तितकी आग जास्त. ऑक्टोबर १८२९ च्या रेनहिलच्या स्पर्धेत ते जिंकलं ते याच जोरावर.

पण जिंकलेलं रॉकेट आणि शिल्डनचं रॉकेट जसंच्या तसं एक नाही. तिरके सिलिंडर इंजिनाला हिंदकळवत, म्हणून काही वर्षांतच ते जवळपास आडवे केले गेले. १९९९ मध्ये मायकेल बेली आणि जॉन ग्लिदेरो यांनी हे इंजिन सुटं करून, एखादं उत्खनन करावं तसं तपासलं. असे फेरफार धातूवरच वाचता येतात.

बॉयलर पुन्हा पेटवायचा तर सुरक्षेसाठी झिजलेले पत्रे, नळ्या बदलाव्याच लागतात. पुरावा भंगारात जातो. 'फ्लाइंग स्कॉट्समन' खुशाल धावू दे. नोकरीत असतानाच त्याचे बॉयलर अदलाबदल होत होते. मुलांना धूर दाखवायचा तर रॉकेटची १९७९ ची चालती प्रतिकृती आहेच की!

आपल्याकडे बघा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनं इंग्लंडमधल्याच व्हल्कन फाउंड्रीत घडलेली. त्यातलं एकही आज सुटं करून बघायला उरलेलं नाही. त्यांच्यात मुंबईच्या कारागिरांनी काय काय बदललं, हे आता कोणत्या लोखंडाला विचारणार?