पडद्यावरील माणसें आणि पडद्यामागील वाणी

परदेशांतील सामान्य माणसांचें नित्याचें जीवन दाखविणारे दहा-दहा मिनिटांचे प्रवासपट एके काळीं चित्रपटगृहांत मुख्य खेळाच्या आधीं दाखविले जात. अमेरिकेंतील जेम्स फिट्झपॅट्रिक यांची ‘ट्रॅव्हलटॉक्स’ ही माला १९३० च्या सुमारास सुरू झाली व वीस वर्षांहून अधिक काळ चालली. आज असे पट घरबसल्या पाहतां येतात, आणि आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनीं एकत्र बसून पाहावे असेच ते आहेत. मात्र चित्र एक सांगतें व त्यामागील वाणी कित्येकदां दुसरेंच सांगते, हा विवेक पाहणारानें सोडूं नये, असें आम्हांस सुचवावयाचें आहे.

या प्रकाराचें बीज फार जुनें आहे. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंचीं चलच्चित्रें दाखविलीं गेलीं. स्टेशनावर येणारी आगगाडी, समुद्रस्नान, कारखान्यांतून बाहेर पडणारे कामकरी, असेच त्यांचे विषय होते. म्हणजे आपल्या लोकांनीं पडद्यावर प्रथम पाहिलीं तीं परक्या देशांतील साधीं माणसेंच होत. पुढें हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनीं कॅमेरा मागवून १८९९ सालीं मुंबईंत एक कुस्ती चित्रित केली, आणि केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांचें स्वागत १९०१ च्या डिसेंबरांत टिपलें.

परंतु परदेशीं आपल्या देशाचीं जीं चित्रें पाहिलीं गेलीं, तीं बहुधा परक्यांनींच घेतलेलीं. १८९९ मधील एका ब्रिटिश चित्रपटाचें उदाहरण बोलकें आहे. त्याचें नांव ‘पॅनोरमा ऑफ कलकत्ता’. नदींतून दिसणारे घाट व घाटांवरील माणसें त्यांत आहेत. पण ते घाट कलकत्त्याचे नसून काशीचे आहेत! काशीयात्रा केलेल्या कोणाही आजीबाईंनीं तें एका दृष्टिक्षेपांत सांगितलें असतें. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटनें २०१७ सालीं आपल्या संग्रहांतील हिंदुस्थानविषयींचे जुने चित्रपट लोकांस खुले केले, त्यांत हाही आहे. एका मथळ्याची ही गत, तर बोलपट आल्यावर दहा मिनिटें अखंड बोलणाऱ्या निवेदकाची काय कथा?

त्या निवेदकांचा एक आवडता सूर असे : पूर्वेकडील खेडें म्हणजे हजारों वर्षें जसेंच्या तसें राहिलेलें. हा सूर कोल्हारला लावून पाहा. नगर-मनमाड रस्त्यानें जाणारा असा एखादा प्रवासी १९४० च्या सुमारास प्रवरेच्या कांठीं थांबला असता, तर त्यानें भगवतीचें देऊळ, नदीवर धुणें धुणाऱ्या बाया, धुळींतून चाललेल्या उंसाच्या बैलगाड्या हौसेनें टिपल्या असत्या. त्यांतील एकही चित्र खोटें ठरलें नसतें. परंतु गाडींतला तो ऊंस कांहीं पुरातन नव्हे. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें, प्रवरेच्या कालव्यांचें पाणी शेतांत खेळूं लागलें, आणि या खोऱ्यांत ऊंस फोफावला. पुढें जवळच्याच लोणीस विठ्ठलराव विखे पाटील यांनीं अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्यानें शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें गाळप सुरू झालें. बैलगाडी जुनी, पण तिच्यांतला माल नवा, आणि ती हांकणाराचा विचार त्याहून नवा! जें खेडें बदलत नाहीं म्हणून निवेदकानें कौतुक करावयाचें, तें त्याच वेळीं स्वतःच्या हातांनीं आपला संसार पालटीत होतें.

हें वाचून परक्यांचा राग येणें साहजिक आहे. पण अंमळ आपल्याकडेही पाहिलें पाहिजे. जपानची भातलावणी किंवा मेक्सिकोचा बाजार पडद्यावर आला, कीं घरांतील मुलें त्या लोकांच्या टोप्यांस हंसतात, आणि वडील माणसें ‘बिचारे असेच राहतात’ म्हणून मोकळीं होतात. तो पट पाऊणशें-ऐंशीं वर्षांपूर्वींचा आहे, हेंही ध्यानांत राहत नाहीं. ज्या अन्यायानें आपण चिडतों, तोच आपण असा सहजगत्या दुसऱ्यांवर करतों.

म्हणून आमची सूचना अशी कीं, असा पट प्रथम आवाज बंद करून पाहावा. मुलांस विचारावें : हा माणूस काय करीत आहे? त्याच्या हातांतील हत्यार कशाचें? माल कोठून आला व कोठें चालला? कॅमेऱ्याकडे टक लावून कोण पाहत आहे, आणि तोंड कोण फिरवीत आहे? आजीस विचारावें, असें दळण, असें घुसळण तुझ्या माहेरीं कसें होई? मग आवाज लावावा, आणि वाणी चित्राशीं कोठें जुळते व कोठें जुळत नाहीं, तें मुलांनींच शोधावें.

आणखी एक. या पटांतील बहुतेक माणसांचीं नांवें कोठेंही लिहिलेलीं नाहींत. आज चित्रें घेण्याचें साधन आपल्याच हातीं आहे. घरांतील वडील मंडळी, स्वयंपाकघरांत राबणाऱ्या बाया, दारीं येणारा सुतार, शेतावरील गडी, यांचें चित्र घ्याल तेव्हां त्यांची अनुमति घ्या, आणि नांव, गांव, साल तेथल्या तेथें नोंदून ठेवा. नाहीं तर शंभर वर्षांनीं कोणी पुन्हां काशीस कलकत्ता म्हणेल, आणि तें खोडून काढावयास घरांत आजीबाई नसतील.