दोरी कुणाच्या हातात?

‘सिंगिन इन द रेन’ या १९५२ च्या चित्रपटाची ख्याती अशी, की हॉलीवूडने त्यात आपल्याच ताऱ्यांची निर्भीडपणे टर उडवली. टर उडवली आहे, हे मान्य. निर्भीडपणा मात्र मला कुठे सापडत नाही.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काळ १९२७ चा, मूकपट मागे पडून बोलपट येऊ लागले तेव्हाचा. नायक डॉन गर्दीसमोर आपल्या खानदानी जडणघडणीच्या बाता मारतो, आणि त्याच वेळी पडद्यावर त्याची खरी, फाटकी उमेदवारी दिसते. नायिका लीना तर मासिकांत छापून आलेली आपली प्रेमकहाणी स्वतःच खरी मानून बसते! इथवर नेम अचूक आहे.

पण बोलपटात लीनाचा चिरका आवाज चालेना, म्हणून कॅथी नावाच्या नवख्या मुलीचा आवाज तिच्या तोंडी घातला जातो. कॅथीचे नाव जाहीर करायचे ठरते. लीना कराराचा धाक घालते आणि मालक मान तुकवतो. शेवटी लीना रंगमंचावर गाण्याचे सोंग करीत असताना मागचा पडदा वर जातो, गाणारी कॅथी दिसते आणि प्रेक्षागृहात हशा पिकतो.

वाचकहो, तो पडदा ओढणाऱ्या तिघांत स्टुडिओचा मालकही आहे! लीनाचा आवाज लोकांपासून दडवून ज्याने पैसा मिळवला, तो दोरी ओढून नामानिराळा होतो. हसे होते ते एकट्या लीनाचे.

कुणी म्हणेल, लीना कपटीच होती. असेल. पण पडद्याबाहेर काय घडले? कॅथी झालेल्या डेबी रेनॉल्ड्सला ‘वुड यू’ या गाण्यासाठी आवाज दिला बेटी नॉइसने. श्रेयनामावलीत तिचे नाव नाही. कॅथी लीनासाठी संवाद म्हणते, तिथे ऐकू येणारा गोड आवाज तर लीना झालेल्या जीन हेगनचाच आहे. ज्या अन्यायावर चित्रपट बोट ठेवतो, तोच त्याने स्वतः केला.

आपणही नाक मुरडू नये. १९४९ च्या ‘महल’मधील ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचे. गायल्या होत्या लता मंगेशकर.

इतक्या तावातावाने लिहितो, कारण अशी दोरी माझ्याही हातात होती. एका वर्षी स्नेहसंमेलनाचे स्वागतपर भाषण दहावीच्या एका मुलाने फार सुरेख लिहून आणले. त्याच्या मराठीला कानडी हेल होता. बाहेरगावच्या पाहुण्यांपुढे ते बरे दिसणार नाही, म्हणून मी ‘शुद्ध’ बोलणाऱ्या मुलीला ते वाचायला दिले. पत्रिकेत नावही तिचेच छापले. टाळ्या कडाडल्या तेव्हा तो मुलगा मागे खुर्च्या लावत होता. त्याने तक्रार केली नाही, आणि तेच मला अजून बोचते.

पुण्याचे पाहुणे आपल्या मुलांच्या हेलाला हसले की आपण मुलांनाच गप्प बसवतो. पाहुण्यांना गप्प बसवायचे धैर्य आपल्यात कधी येणार? लीनाला हसायला धैर्य लागत नाही. ते लागते दोरी धरणाऱ्याचा हात धरायला, आणि तो हात आपला असेल तर दुप्पट लागते.