गद्दार कोणाला म्हणता?

आमच्या शिरपूरच्या चौकात 'गद्दार' ही शिवी फार स्वस्त झाली आहे. "थो? गद्दार हाय भाऊ थो!" पक्ष बदलणारा आमदार गद्दार, सोसायटीच्या निवडणुकीत दुसऱ्या पॅनेलला मत देणारा मावसभाऊ गद्दार, आणि भांडण मिटवा म्हणणारा तर सर्वांत मोठा गद्दार.

शब्द मूळ अरबी. 'गद्र' म्हणजे दिलेला शब्द मोडणे. ज्याला ती खोडच आहे तो गद्दार. म्हणजे आधी शब्द दिलेला हवा. सत्तेला न जुमानणे वेगळे. तरी 1857 च्या उठावालाही याच शब्दावरून 'गदर' म्हटले गेले आणि 1913 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या हिंदी क्रांतिकारकांनी आपल्या पत्राला हेच नाव छाती फुगवून दिले.

शब्द कसा मोडतो ते पाहायला शिरपूरकरांनी लांब जायला नको. इथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या जैन मंदिरात श्वेतांबर आणि दिगंबर पंथीयांनी 1905 मध्ये पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. पुढे कोर्टकचेऱ्या. 1929 मध्ये प्रकरण थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत. 1981 पासून मंदिराला कुलूप, ते निघाले मार्च 2023 मध्ये, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशाने. करार कोणी मोडला हे कोर्टाने ठरवावे. पण अहिंसेची शिकवण देणारा देव चाळीस वर्षे कुलपात राहिला, त्याला गद्दारी म्हणायला चौकातल्या एकाचीही जीभ वळली नाही!

राजकारणात मात्र जिभेला हाड नाही. 2022 मध्ये एकनाथ शिंदेंसोबत शिवसेनेचे आमदार फुटून सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, 'पन्नास खोके'च्या घोषणा झाल्या. 10 जानेवारी 2024 ला विधानसभा अध्यक्षांनी निकाल दिला, आणि दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. कायद्याला गद्दार सापडलाच नाही. 1978 मध्ये वसंतदादांचे सरकार पाडल्यावर ज्यांच्यावर 'पाठीत खंजीर' खुपसल्याचा ठपका आला, त्याच शरद पवारांच्या पक्षात 2023 ला पुतण्याने फूट पाडली. 1978 च्या खंजिराच्या हिशोबावर गप्प असलेले लोक आता निष्ठेवर प्रवचने झोडतात. 2019 मध्ये शिवसेनेने भाजपसोबतच्या युतीला मत मागून काँग्रेस-राष्ट्रवादीच्या आघाडीत बसणे, 2022 मध्ये शिंदे गटाने आघाडीतून उठून पुन्हा पलीकडे जाणे: दोन्ही वेळा मतदाराला कोणी विचारले? त्याला दिलेला शब्द दोघांनीही गिळला.

मार्च 2025 मध्ये विनोदकार कुणाल कामराने नाव न घेता गाण्यात 'गद्दार' म्हटले, तर शिंदेंच्या शिवसैनिकांनी मुंबईत खारच्या स्टुडिओची मोडतोड केली. शिवी नेमकी कोणाला लागली, हे मोडतोड करणाऱ्यांनीच जगाला सांगून टाकले.

हे छापून आल्यावर मलाही चौकात गद्दार म्हणतील. खुशाल म्हणा. फक्त मी तुम्हाला कधी, कुठला शब्द दिला होता तेवढे सांगा.