नऊ फुटांची निरुपयोगी वस्तू

‘पण याचा उपयोग काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला आपण फारच सोडून देतो, असं माझं स्पष्ट मत आहे. हा प्रश्न विचारायला अक्कल लागत नाही, भांडवल लागत नाही आणि उत्तर ऐकायला थांबावंही लागत नाही. बँकेत कर्ज मागायला आलेल्या माणसाला आम्ही तो विचारतो, ते ठीक आहे. तिथे पैसे आमचे, म्हणजे ठेवीदारांचे असतात. पण शेजारचे काका स्वतःच्या पेन्शनमधून, स्वतःच्या गॅलरीत, स्वतःच्या हातानं नऊ फूट लांबीचं अंतराळयान बनवत असतील, तर येणाऱ्या-जाणाऱ्यानं दारात चप्पल न काढता त्यांच्याकडे ताळेबंद का मागावा?

काका ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या १९६८ सालच्या चित्रपटातलं ‘डिस्कव्हरी’ नावाचं यान करायला घेतलं. पुढे मोठा गोल, मागे इंजिनं, आणि मध्ये मासा खाऊन उरलेल्या काट्यासारखा लांबच लांब कणा. चित्रपटासाठी इंग्लंडमध्ये केलेली मोठी प्रतिकृती ५४ फूट लांब होती. काकांनी त्याला सहानं भागलं, कारण गॅलरी साडेनऊ फूट आहे.

आता, बाजारातून खोका आणून आतले भाग जोडायचे, हा प्रकार वेगळा. तोही चांगलाच, पण त्यात सतरा नंबरचा तुकडा अठरा नंबरला चिकटणार हे कंपनीनं आधीच ठरवलेलं असतं. इथे खोकाच नाही. नकाशाही नाही. कुब्रिकसाहेबांनी आपल्या प्रतिकृती नंतर नष्ट करवल्या. १९८४ साली पुढचा चित्रपट ‘२०१०’ आला, तेव्हा त्या मंडळींनाही जुन्या चित्रपटातल्या फ्रेमा न्याहाळून ‘डिस्कव्हरी’ नव्यानं बनवावी लागली. काकाही तेच करतात. चित्र थांबवतात, टीव्हीच्या पडद्याला फूटपट्टी लावतात आणि वहीत आकडे मांडतात. काकू म्हणतात, “अहो, सिनेमा पुढे जाऊ द्या की!” तो गेल्या पावसाळ्यापासून पुढे गेलेला नाही.

या कामातलं गणित मला, वाणिज्य शाखेचा पदवीधर म्हणून, फार आवडलं. लांबी दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो आणि घनफळ आठपट. चक्रवाढ व्याज यापुढे गरीब गाय आहे. चौपट पृष्ठभाग म्हणजे चौपट बारीकसारीक तुकडे, आणि वाढलेल्या वजनानं कणा मधोमध झोळीसारखा लोंबणार. म्हणून आत पडद्याचा ॲल्युमिनियमचा पाइप. पुढचा गोल म्हणजे शाळेतला बारा इंची पृथ्वीगोल. पॉलिश पेपरनं घासून काकांनी त्यावरचे सगळे देश आठवडाभरात मिटवले. संयुक्त राष्ट्रसंघाला हे अजून जमलेलं नाही. बाकी अंग प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचं. तो पत्रा आरपार कापायचा नसतो. धारदार सुरीनं दोनदा ओरखडा ओढायचा आणि मोडायचा. चिकटवायचं द्रावणही पाण्यासारखं पातळ. ब्रश सांध्याला नुसता टेकवायचा. द्रावण आपोआप फटीत ओढलं जातं, प्लास्टिक विरघळवतं आणि दोन तुकडे एकजीव होतात. आमच्या सोसायटीत इतकं कुणीच एकजीव झालेलं मी पाहिलेलं नाही.

वर चिकटवायला बॉलपेनांची टोपणं, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, फुटलेल्या रिमोटचं पोट. ‘हा सगळा कचरा!’ असं सेक्रेटरी म्हणतात. त्यांना सांगायला हवं की १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’मध्ये, सुरुवातीलाच डोक्यावरून जे संपता संपत नाही ते अजस्र यान, त्याची प्रतिकृती जेमतेम तीन फुटांची होती. ज्या जहाजाचा ते पाठलाग करतं त्याची प्रतिकृती तिच्यापेक्षा मोठी होती! तीन फूट मैलभर दिसले ते रणगाड्यांच्या, आगबोटींच्या, मोटारींच्या खोक्यांतले बारीक तुकडे अंगभर चिकटवल्यामुळे. वस्तू केवढी हे डोळा तिच्यावरच्या सगळ्यात लहान खुणेवरून ठरवतो. त्याच साली आलेल्या ‘क्लोज एन्काउंटर्स’मधल्या परग्रहवासीयांच्या यानावर तर कारागिरांनी टपालपेटी, फोक्सवॅगन गाडी आणि छोटंसं कबरस्तानसुद्धा चिकटवून टाकलं. ते यान आज अमेरिकेत, स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. तिथे कुणी त्याला कचरा म्हणत नाही, कारण तिथे पाटी लावलेली आहे.

दुसरा वर्ग आधुनिकांचा. “काका, थ्री-डी प्रिंटरवर दोन दिवसांत होईल,” असं माझा भाचा म्हणाला. मी यंत्रांचा शत्रू नाही. बँकेत लागलो तो कॉम्प्युटर आल्यानंतरच, त्यामुळे लेजरच्या आठवणीनं माझा गळा दाटून येत नाही. कण्यावरचे सारखे डबे छापून घेतले तर माझी हरकत नाही. पण छापायच्या आधी ते कुणीतरी मोजून काढावे लागतात, आणि छापून आल्यावर थरांच्या रेघा घासाव्या लागतात, हे भाचेबुवांना माहीत नव्हतं. आणि बाजारात प्लॅस्टरचा तयार किल्ला मिळतो म्हणून दिवाळीत मुलांनी मातीत हात घालू नये, असं म्हणणारा माणूस मला कर्जाला जामीन म्हणूनही चालणार नाही.

मात्र सगळ्यात चीड आली ती तिसऱ्या आक्षेपाची. यान भिंतीला लागून आहे. एक पाहुणे म्हणाले, “भिंतीकडची बाजू कशाला करताय? कोण बघणार?” हे गृहस्थ नकळत अगदी मुद्द्यावर आले. ‘स्टार ट्रेक’च्या ‘एंटरप्राइज’ची अकरा फुटी प्रतिकृती १९७४ पासून त्याच स्मिथसोनियनकडे आहे. तिची उजवी बाजू सजवलेली आणि डावी कोरी. दिव्यांच्या तारा डावीकडून आत गेल्या आहेत. कॅमेरा उजवीकडेच असणार होता, मग डावीवर खर्च कशाला? (आमच्या ताळेबंदातही देणी डावीकडेच असतात.) त्या कारागिरांना मी नावं ठेवत नाही, त्यांना तारीख होती आणि बजेट होतं. पण उपयोग मोजत गेलं की काम कुठे थांबतं, ते तिथे काचेत ठेवलेलं आहे. काका भिंतीकडची बाजूही तितकीच करतात. त्यांना थांबायला कारणच नाही. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या पुलांचे नकाशे दुसऱ्यानं सांगितले तेवढेच काढले. आता किती करायचं हे पहिल्यांदाच त्यांचं ते ठरवताहेत. आणि हेच पाहुणे रोज रात्री चार तास अंगठ्यानं मोबाइल वर सरकवत बसतात! त्यांना कुणी उपयोग विचारत नाही, कारण सकाळी दाखवायला काही उरतच नाही. वस्तू उरली की चौकशी सुरू.

२०२३ साली ‘क्लोज एन्काउंटर्स’चं ते यान करणाऱ्या ग्रेग जीन यांच्या मरणोत्तर संग्रहाचा लिलाव झाला. त्यात ‘स्टार वॉर्स’मधलं, दोन फुटांहूनही लहान एक यान एकतीस लाख डॉलरांवर गेलं. म्हणजे सुमारे २६ कोटी रुपये. ही बातमी मी मुद्दाम सेक्रेटरींना दाखवली. त्यांनी चष्मा लावून आकड्यातली शून्यं मोजली आणि संध्याकाळी प्रथमच चप्पल बाहेर काढून काकांकडे गेले.

“काका, तुमच्या या नऊ फुटांचे किती येतील हो?”

काका भिंतीकडच्या बाजूला आडवे होऊन गोळ्यांचं पाकीट चिकटवत होते. “ते नंतर बघू,” आतूनच म्हणाले. “तुमची बीपीची गोळी कुठली? दहाच्या पाकिटाची की पंधराच्या? मला पंधराची लागतात.”